बांबूची दांडी, टेलिफोनचे चुंबक आणि विजेची गिटार

बांबू म्हटला की वऱ्हाडातील माणसाच्या डोळ्यांसमोर सूप, टोपली, शिडी आणि लग्नाचा मांडव येतो. त्याच्या जोडीला कोणी विजेच्या गिटारचे नाव घेतले तर ऐकणारा क्षणभर थबकेल. एक वस्तू बुरुडाच्या कोयत्याखालची, तर दुसरी रॉक संगीताच्या झगमगाटातली. प्रत्यक्षात या दोहोंतील अंतर वाटते तेवढे नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील (नाशिक जिल्ह्यातील प्रसिद्ध मालेगावाशी याचा संबंध नाही) किन्हीराजासारख्या गावात विजेची गिटार विकत घेण्यासाठी कोणी जाणार नाही. परंतु ती तयार करण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू अशा गावातील घरांत, सायकल दुरुस्तीच्या दुकानात आणि जुन्या रेडिओच्या भंगारात सापडू शकतात. त्यांपैकी कोणती वस्तू नेमके काय काम करते हे समजले, की या वाद्याभोवतीचे बरेचसे गूढ गळून पडते.

मिरजेच्या सतारीचे उदाहरण घेऊ. तिथल्या कारागिरांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांत भोपळा, लाकूड, तबली आणि घोडी यांना विलक्षण महत्त्व असते. कारण तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीमार्फत तबलीत आणि तिथून भोपळ्यातील हवेत जाते, तेव्हा कोठे आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचतो. भोपळा चुकला की वाद्य चुकले. साध्या लाकडी गिटारचेही तेच. विजेच्या गिटारमध्ये मात्र ही साखळीच तोडलेली असते. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, एवढाच काय तो तिचा कंठ. या जोडीला 'पिकअप' म्हणतात. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकीय होते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेटोळ्यात त्याच लयीत हलणारा विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा नियम आहे. आपल्या घरी येणारी वीजही त्याच नियमाने तयार होते. गिटारची 'ए' ही तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते, म्हणून वेटोळ्यातील प्रवाहही सेकंदाला ११० हेलकावे खातो. हा संकेत व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. तो वाढवून ध्वनिक्षेपकाला देणे हे पुढचे काम ॲम्प्लिफायरचे.

याचा अर्थ असा, की विजेच्या गिटारमधील लाकडाचे पहिले काम गाणे नसून स्थिर उभे राहणे हे आहे. लाकडाचा आवाजावर काहीच परिणाम होत नाही असे नव्हे. मऊ, ढिला सांगाडा तारेची शक्ती शोषून घेतो आणि स्वर लवकर विझतो. मात्र किमती लाकडाच्या गुणांविषयी जेवढे बोलले जाते तेवढे त्याचे श्रेय नाही. पिकअप तारेखाली नेमका कोठे बसवला आहे, याने आवाजात त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो.

इतिहासही हेच सांगतो. जॉर्ज बोशाम यांनी १९३१ च्या सुमारास अमेरिकेत ज्या विजेच्या गिटारची रचना केली आणि जी पुढे रिकेनबॅकर या नावाने विकली गेली, तिचे धड ॲल्युमिनियमचे, लहान आणि गोल होते. लांब दांडीमुळे ती इतकी तव्यासारखी दिसे, की लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. लेस पॉल यांनी तर लहानपणी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणून तिच्याखाली टेलिफोनच्या रिसीव्हरचा भाग ठेवल्याची आठवण सांगितली होती. रूळ हलत नाही, म्हणून स्वर लांबतो, हे त्यांना तेव्हाच कळले. रूळ गळ्यात अडकवून वाजवता येत नाही, ही त्यातली अडचण. पुढे १९४० च्या सुमारास त्यांनी लाकडाच्या चौकोनी वाशावर तारा आणि पिकअप चढवून 'लॉग' नावाची गिटार केली. वाशाकडे लोक संशयाने पाहू लागले, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना नेहमीच्या गिटारचे अर्धे अर्धे धड जोडले. आवाजात त्या पंखांचा वाटा नगण्य होता; ते होते ते श्रोत्यांच्या डोळ्यांसाठी.

महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. मुंबई आणि कोकणातील मिरवणुकांत ज्याला बेंजो म्हणतात, ते वाद्य अमेरिकी बँजो नव्हेच. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या 'ताइशोगोतो' या वाद्याचे ते भारतीय रूप असून त्याचे आपल्याकडील नाव बुलबुल तरंग. अरुंद लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा. घरात बसून वाजवण्याच्या या नाजूक आवाजाच्या वाद्याच्या तारांखाली पिकअप आला आणि ते ढोल-ताशांच्या गजरात, हातगाडीवरील कर्ण्यांतून गर्जू लागले. रवी जाधव यांच्या २०१६ मधील 'बँजो' या हिंदी चित्रपटामुळे या पथकांची ओळख राज्याबाहेरही झाली. पेटी तीच, तारा त्याच. बदलले ते फक्त तारांखालचे चुंबक. विजेची गिटार म्हणजे काय हे मराठी माणसाने विसर्जनाच्या मिरवणुकीत अनेकदा ऐकलेले आहे, फक्त तिला त्या नावाने ओळखले नाही.

मानवेलाची दांडी

सांगाड्याने स्थिर राहायचे, एवढीच अट असेल तर बांबू ती पुरी करतो का? सहा तारांचा नेहमीचा संच पूर्ण सुरात लावला की दांडीवर एकूण सुमारे ४० ते ४५ किलोचा ताण येतो. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, यावरून कल्पना यावी. हा ताण रात्रंदिवस असतो आणि तो दांडीला धनुष्यासारखी वाकवू पाहतो. दांडी दोन-तीन मिलिमीटर जरी वाकली तरी तारा उचलल्या जातात, बोटाने दाबणे जड होते आणि स्वर चढे लागतात.

येथे विदर्भाच्या जंगलातील मानवेल उपयोगी पडतो. कोरड्या, मुरमाड जागी वाढलेल्या या बांबूची भिंत जाड आणि आतील पोकळी अगदी लहान असते. काही वेळा तो जवळजवळ भरीव असतो. लाठीसाठी त्याला पसंती मिळते ती याचमुळे. वाद्याच्या दांडीसाठी चार-पाच सेंटिमीटर जाडीचा, तीन-चार वर्षे वयाचा, सरळ मानवेल घ्यावा. कोवळा बांबू वाळताना सुरकुततो. त्यातील पिठूळ अंशावर भुंगेरे तुटून पडतात आणि काही महिन्यांत आतून पीठ गळू लागते. म्हणून तोड पावसाळा संपल्यावर करतात, बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवतात आणि मग सावलीत उभा वाळवतात. उन्हात घाई केली की तो उभा तडकतो. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र आणि चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यामुळे बांबूकामाचे असे शिक्षण विदर्भातच उपलब्ध झाले. तत्पूर्वी ते बुरुडांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या होतेच. प्लास्टिकच्या टोपल्या आणि सुपांनी त्या घरांचा बाजार बराच आटवला, ही गोष्ट वेगळी.

बांबू आणायचा कोठून, हा प्रश्न काही वर्षांपूर्वीपर्यंत वाटतो तेवढा साधा नव्हता. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना वृक्षांत केली होती. त्यामुळे स्वतःच्या धुऱ्यावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याची कटकट होऊ शकत असे. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातील बांबूला नियम अजूनही लागू आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

दांडी सुमारे एक मीटर लांब ठेवावी आणि ती वाद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असावी. तारा तिच्या एका टोकाला अडकवायच्या व दुसऱ्या टोकाच्या खुंट्यांना गुंडाळायच्या. असे केले की सगळा ताण बांबूच्या बांबूतच राहतो आणि जोड सुटण्याची भीती उरत नाही. दोन्ही टोके पेरांजवळ यावीत, कारण पेरावर बांबू सहसा फुटत नाही. खिळा कधीही ठोकू नये. बारीक भोक पाडून मगच बोल्ट घालावा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना दोरा गच्च गुंडाळून त्यावर गोंद फिरवावा. वरची बाजू रंध्याने सपाट करून तिथे पडदे बसवण्यासाठी पट्टी चिकटवायची. बांबूचे बाहेरचे कवच सर्वांत मजबूत असल्याने ते रंध्याखाली जेवढे कमी जाईल तेवढे चांगले. दांडीची पाठ म्हणून ते तसेच राहू द्यावे. हाताखालून सरकायलाही ते गुळगुळीत असते. शहरातील वाचकाला दुसरा मार्ग आहे. स्वयंपाकघरातील बांबूचा चॉपिंग बोर्ड म्हणजे बांबूच्या कामट्या एकमेकींना चिकटवून दाबलेली फळीच असते. तिच्यातून पट्टी कापली की सपाटीचा प्रश्न सुटतो.

एवढी अखंड दांडी असल्यावर धडाला काम उरते ते मांडीवर टेकण्याचे आणि हाताला आधार देण्याचे. जुना, वापरातून गेलेला पोळपाट यासाठी उत्तम. लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते आणि आकार बोशाम यांच्या 'तव्या'शी जुळणारा. पाय कापून तो दांडीखाली दोन बोल्टांनी आवळला की वाद्य तयार दिसू लागते.

गिटारवरचे पडदे सतारीप्रमाणे सरकवता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागा गणिताने काढाव्या लागतात. वरच्या टोकाच्या पट्टीपासून घोडीपर्यंतची लांबी १७.८१७ ने भागायची. येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. तिथून घोडीपर्यंत उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागायची, की दुसरा. लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला पडदा वरच्या पट्टीपासून ३६.४, दुसरा ७०.७ आणि तिसरा १०३.१ मिलिमीटरवर येतो. बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर आला तर हिशेब बरोबर. पडद्यांसाठी सायकलचे आरे चालतात. त्यांची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते; पट्टीत उथळ खाचा पाडून ते निम्मे रुतवायचे आणि चिकटवायचे. येथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही कानाला टोचते.

ज्याला हे जमणार नाही त्याने पडदे बसवूच नयेत. काचेच्या बाटलीची मान किंवा नळाचा गुळगुळीत तुकडा तारेवर फिरवून वाजवले, तर दांडीचा थोडा बाकही खपून जातो. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग वाजवले ते याच, सळई फिरवण्याच्या पद्धतीने. आणि मींड तर या पद्धतीत आपोआप येते. सहाऐवजी तीन तारा लावल्या तर ताणही निम्म्याच्या आसपास येतो. पहिल्या प्रयत्नात हेच शहाणपणाचे.

दोन ठिकाणी मात्र काटकसर करू नये. खुंट्या घरी कोरता येतात, एकतारीला त्या असतातच. परंतु पोलादी तारेच्या ताणाखाली लाकडी खुंटी घसरते आणि वाजवणाऱ्याचा निम्मा वेळ सूर लावण्यात जातो. दात्यांच्या तयार खुंट्या विकत घ्याव्यात. तारांचेही तसेच. ब्रेकच्या केबलमधून सोडवलेली तार वाजते, पण तिचा स्वर खरबरीत असतो आणि तुटली की डोळ्याशी गाठ.

तारांखालचे चुंबक

खरी मजा आणि खरी चिकाटी पिकअपच्या कामात आहे. कारखान्यातील पिकअपमध्ये केसाएवढ्या, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात ते आठ हजार वेढे असतात. पंख्याच्या जळालेल्या मोटारीतील तार यासाठी फारच जाड. जुन्या रिलेंत बारीक तार मिळू शकते. वेढे देण्यासाठी शिलाई मशीनवरील बॉबिन भरण्याचे चाक वापरता येते. मोजण्यासाठी साध्या कॅल्क्युलेटरची एक गमतीदार युक्ती आहे: चाकावर छोटे चुंबक चिकटवायचे, त्याच्या जवळ चुंबकाने मिटणारा रीड स्विच ठेवून तो कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' या कळीला जोडायचा आणि 'एक अधिक एक' दाबून सुरुवात करायची. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आकडा एकने वाढतो. तार मध्येच तुटली तर टोके खरवडून डाख द्यायचा किंवा सरळ पुन्हा सुरुवात करायची.

ज्याला एवढा धीर नाही त्याने अडगळीतील तबकडीचा काळा टेलिफोन शोधावा. त्याच्या कानाला लावायच्या भागात चुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे तयारच असते. समोर लोखंडी पातळ पडदा असतो. दूरध्वनीत प्रवाह वेटोळ्यातून जातो आणि तो पडदा हलवतो. पडदा काढून टाकून त्याच्या जागी पोलादी तार आणली, की उलटी क्रिया घडते आणि तारेच्या हालण्याने प्रवाह निर्माण होतो. एका डबीवर दोन-तीन तारा भागतात. तीन तारांच्या वाद्याला ती पुरे.

चुंबके स्वतः बसवायची असतील तर सगळ्यांचे एकच टोक वर ठेवावे. ब्रायन मे यांना हे अनुभवाने कळले. पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक म्हणून जगभर गाजलेल्या मे यांनी १९६३ मध्ये, शाळकरी वयात, इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते असलेल्या वडिलांसमवेत घरीच गिटार करायला घेतली. शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड, मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा, विणकामाच्या सुईचे टोक, आईच्या पेटीतील शिंपल्याची बटणे असा तिचा संसार होता. पिकअपही त्यांनी स्वतः गुंडाळले होते. पण त्यांतील चुंबकांची टोके आलटून पालटून बसवल्याने तार आडवी ओढली की आवाज विचित्र होई. शेवटी पिकअप विकत घेतले. बाकी गिटार तीच राहिली आणि ती घेऊनच ते अर्धशतकाहून अधिक काळ रंगमंचावर उभे राहिले. त्या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचे विद्यार्थी, ही मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची जोड.

घरच्या पिकअपची एक खोड लगेच लक्षात येते. आजूबाजूच्या वायरिंगमधील ५० हर्ट्झची गुणगुण तो इमानाने पकडतो. चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली बसले तर वादनापेक्षा गुणगुणच जास्त. यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उपाय काढला. एकमेकांच्या उलट जोडलेली दोन वेटोळी आणि उलट टोके वर असलेली चुंबके अशी ती रचना. बाहेरून येणारी गुणगुण दोन्हींत सारखी येऊन एकमेकींना छेदते, तारेचा संकेत मात्र दुणावतो. टेलिफोनच्या दोन डब्या मिळाल्या तर हा प्रयोग घरीही करून पाहता येतो.

चुंबक नकोच असेल तर भेटकार्डातील किंवा गजरातील पितळी चकती आहे. दाब पडला की वीज निर्माण करणारे हे स्फटिकाचे तत्त्व क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधले. चकती घोडीखाली दाबून बसवली की नायलॉनच्या तारांचाही आवाज मिळतो. परंतु ती बोटाची टिचकी, बाहीची घासणी, पोळपाटावरची थाप असे सारे काही ऐकवते, आणि आवाज पातळ येतो.

वीज कोणती, हे महत्त्वाचे

पिकअपचा संकेत वाढवण्यासाठी घरातील जुना रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर वापरण्याचा मोह होतो. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. गुणगुण कमी व्हावी म्हणून गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या चौकटीशी जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे पूर्ण वेळ त्या चौकटीला लागलेली असतात. चौकटीत मुख्य वीज उतरली आणि घरात अर्थिंग धड नसले तर ती वीज थेट बोटांत येते. पूर्वीच्या काही रेडिओंची तर रचनाच अशी असे, की चौकट विजेच्या एका वायरला जोडलेली. हा धोका पुस्तकी नाही. 'यार्डबर्ड्स' या प्रसिद्ध इंग्रजी वाद्यवृंदाचे गायक कीथ रेल्फ यांचा १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. तेथे सदोष अर्थिंगचे कारण सांगितले गेले. आपल्याकडे अनेक घरांत अर्थिंगची तिसरी वायर केवळ प्लगच्या तिसऱ्या भोकापुरतीच असते.

म्हणून घरी केलेली गिटार फक्त बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला जोडावी. सेलवरील ट्रान्झिस्टर, चार्जिंगची वायर काढून ठेवलेला छोटा स्पीकर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळणाऱ्या 'एलएम ३८६' या चिपवर बांधलेला नऊ व्होल्टचा ॲम्प्लिफायर, यांपैकी काहीही चालेल. भजनी मंडळाच्या मोठ्या ॲम्प्लिफायरला ती जोडायचीच असेल तर आधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आवाज कमी येईल, पण त्याबद्दल तक्रार नसावी.

काँगोच्या किन्शासा शहरात मावांगू मिंगिएदी यांनी स्थापन केलेल्या 'कोनोनो नंबर वन' या पथकाने नेमके हेच केले होते. लिकेम्बे नावाचे, बोटांनी छेडायच्या धातूच्या पट्ट्यांचे पारंपरिक वाद्य शहरी गोंगाटात ऐकू येईना, तेव्हा त्यांनी मोटारींच्या भंगारातील चुंबकांपासून पिकअप बनवले. त्यातून निघणारा फाटका, खरखरीत आवाज कोणत्याही कारखान्याने योजला नव्हता. २००४ नंतर त्यांच्या ध्वनिमुद्रिका युरोप-अमेरिकेत पोहोचल्या, त्या याच आवाजासाठी.

किन्हीराजाच्या परिसरात सोयाबीन निघून दिवाळी झाली की बांबू तोडायला योग्य काळ सुरू होतो. पाण्यातून काढलेली दांडी सावलीत उभी केली तर होळीच्या सुमारास ती हलकी होते आणि नखाने वाजवल्यावर ठणठणीत बोलते. वऱ्हाडातील कोरड्या उन्हाळ्यात लावलेला सूर पहिल्या पावसात उतरेल किंवा चढेल. बांबू ओलावा घेतो, त्याला इलाज नाही. वाळवणीच्या त्या तीन-चार महिन्यांत करण्यासारखे काम म्हणजे शिलाई मशीनवर सात हजार वेढे मोजणे.